६३३ सीसीचं इंजिन आणि १५५ चा पंप : जोडी जमवायची कशी?

दर्यासारंग | ४ जून, रात्री १०.१५

मंडळी नमस्कार. विषय जरा वेगळा आहे, पण इथे यंत्रं उघडणारीही माणसं आहेत आणि पाण्यात आयुष्य काढलेलीही, म्हणून इथेच विचारतो.

गेल्या दिवाळीत मी एक जुनी जेट स्की घेतली, यामाहा सुपरजेट. उभ्याने चालवायची, एकट्याची. घेतला तो नुसता हल, म्हणजे बाहेरचा सांगाडा. आधीच्या मालकाने तिच्यात मोठ्या बोअरचं इंजिन बसवलं होतं, ते त्याने वेगळं विकलं. पाणी ओढून मागे फेकणारा आणि त्या धक्क्याने मशीन पुढे नेणारा पंप मात्र हलसोबत आला, आणि तो आहे १५५ मिलिमीटरचा. कंपनीतून ही मशीन १४४ च्या पंपावर यायची. त्याने पंप बसतो तो मागचा बोगदा घासून मोठा केला आणि १५५ बसवला. इंजिन मी मुंबईच्या दारूखान्यात, भंगाराच्या बाजारात, चार महिने फेऱ्या मारून मिळवलं. १९९० साली सुपरजेट पहिल्यांदा आली तेव्हा तिच्यात असायचं तेच, ६३३ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आहे, क्रँकला खेळ नाही.

मे महिन्यात नागावला एका मित्राकडे पाण्यात उतरवली. त्याच्याकडे जलक्रीडेचा परवाना आहे, त्याच्याच हद्दीत चालवली. इंजिन लगेच सुरू होतं, हळू चालवलं तर छान चालतं. पण पूर्ण थ्रॉटल दिला की आवाज जड होतो, ओझं घेऊन जिना चढणाऱ्या माणसासारखा. मशीन वेग घेऊन पाण्यावर उचलली जायलाच फार वेळ लागतो. मी ७२ किलोचा आहे, म्हणजे वजनाचा प्रश्न नसावा. टॅकोमीटर (फेऱ्या मोजायचं यंत्र) लावला तर मिनिटाला ५१५० फेऱ्यांच्या वर जातच नाही. याच इंजिनाने १४४ वर ६२०० च्या आसपास जायला हवं असं मला सांगितलं गेलं.

कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केला. रीड (मिश्रण आत सोडणाऱ्या झडपा) पाहिल्या, ठीक आहेत. किनाऱ्यावर प्रत्येकजण म्हणाला, मोठा पंप म्हणजे जास्त जोर, खोट इंजिनातच शोध. मला आता शंका येते आहे की खोट पंपाच्या मापात आहे. पण ११ मिलिमीटरने एवढा फरक पडतो का?


किनारा_नागाव | ४ जून, रात्री ११.०२

मी या किनारपट्टीवर नऊ हंगाम मशीन दुरुस्त करतोय. दोन गोष्टी आधी सांग.

एक, टॅको कसा लावलास? या इंजिनात एकाच कॉइलमधून दोन्ही प्लगना एकाच वेळी ठिणगी जाते. म्हणजे क्रँकच्या एका फेरीत प्रत्येक वायरीवर दोन ठिणग्या. वायरीला गुंडाळायचा टॅको साध्या टू-स्ट्रोकच्या सेटिंगवर ठेवलास तर तो दुप्पट दाखवतो.

दोन, इंपेलर (पंपातला पंखा) आणि वेअर रिंग (त्याभोवतीचं कडं) यांच्यामधली फट मोजलीस का? फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाल आणि चारही बाजूंनी बघ. नव्या पंपात ०.३ मिलिमीटरच्या आसपास असते. ०.६ च्या पुढे गेली की पाणी कडेवरून मागे परततं.


दर्यासारंग | ५ जून, सकाळी ७.४०

दादा, टॅकोने आधी १०३०० दाखवलं होतं, तेव्हाच लक्षात आलं. सेटिंग बदलून पुन्हा मोजलं, ५१५०. फट काल रात्रीच मोजली: तीन बाजूंना ०.४, एका बाजूला ०.४५. इंपेलरच्या पुढच्या कडेला बारीक टवके आहेत, पण पाती वाकलेली नाहीत.


नाखवा_मढ | ५ जून, सकाळी ९.१८

जेट स्कीचं मला काही कळत नाही, पण हे दुखणं ओळखीचं वाटतं म्हणून लिहितो.

आमच्या ट्रॉलरला कोणी मापापेक्षा मोठा पंखा लावला की हेच होतं. इंजिन पूर्ण फिरत नाही, धुराड्यातून काळा धूर येतो, डिझेल दुप्पट जळतं आणि बोट मात्र आधीपेक्षा हळू चालते. माझ्या भावाने एकदा तीन इंच मोठा पंखा घेतला, स्वस्तात मिळाला म्हणून. एका हंगामात हेड गेलं. शेवटी पंखा काढून कारखान्यात नेला आणि पीच (पात्यांचा तिरपेपणा) कमी करून आणला, मग बोट सुधारली.

आणि आमच्याकडे निदान गिअरबॉक्स तरी असतो. इंजिनाच्या दोन-तीन फेऱ्यांमागे पंख्याची एक. तुमच्या मशीनला गिअरबॉक्स असतो का?


किनारा_नागाव | ५ जून, सकाळी ९.५०

नाही नाखवा, हाच मुद्दा आहे. क्रँकला कपलर, कपलरला शाफ्ट, शाफ्टला इंपेलर. सरळ. इंजिनाची एक फेरी म्हणजे इंपेलरची एक फेरी. गिअर म्हणून जे काही आहे ते पंपाचं माप आणि पात्यांचा पीच.


पिनाक_ठाणे | ५ जून, दुपारी १.२५

मला हे पटत नाही. उड्या मारणारे, हवेत उलटी कोलांटी घेणारे जगभरातले बरेच चांगले चालक १४४ काढून १५५ लावतात. काहीजण त्याहून मोठा. पंप मोठा असेल तर पाणी जास्त ढकललं जातं, मशीन पाण्यातून जोरात बाहेर येते. ते सगळे चुकत असतील का? इंजिन जुनं आहे, क्रँकचे सील गळत असतील. हवा आत ओढली तर असंच होतं. आधी प्रेशर टेस्ट करा, मग पंपाला दोष द्या.


दर्यासारंग | ५ जून, दुपारी २.१०

पिनाक, सील मी नवे टाकले आहेत आणि प्रेशर टेस्ट केली आहे. दहा मिनिटं काटा हलला नाही. पण प्रश्न योग्य होता.


अनघा_जहाज | ५ जून, रात्री ९.३३

मी जहाजांच्या पंपांवर काम करते, जेट स्कीवर नाही. पण पाण्याचे नियम दोन्हीकडे तेच. थोडं गणित मांडते, कारण '११ मिलिमीटर म्हणजे किती' याचं उत्तर पट्टीवर मोजून मिळत नाही.

एकाच घडणीचे दोन पंप घ्या, एक लहान, एक मोठा. त्यांना फिरवायला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या तिसऱ्या घातात वाढते आणि व्यासाच्या पाचव्या घातात. पाचव्या! १५५ ला १४४ ने भागलं तर १.०७६. म्हणजे व्यास साडेसात टक्केच जास्त. पण १.०७६ चा पाचवा घात १.४४५ येतो. तितक्याच फेऱ्यांवर फिरवायला मोठ्या पंपाला सुमारे ४४ टक्के जास्त शक्ती हवी. पाणी मात्र त्याच फेऱ्यांवर २५ टक्केच जास्त सरकतं, कारण ते तिसऱ्या घाताने वाढतं.

आता टॉर्ककडून, म्हणजे फिरवण्याच्या जोराकडून बघा. पंपाला लागणारा टॉर्क फेऱ्यांच्या वर्गात वाढतो. समजा तुझं इंजिन ५००० ते ६२०० च्या पट्ट्यात जवळपास सारखाच टॉर्क देतं. मग नवीन पंपावर फेऱ्या जिथे थांबतील तो आकडा म्हणजे ६२०० भागिले १.४४५ चं वर्गमूळ. वर्गमूळ १.२०२. उत्तर ५१५८.

तू मोजलेस ५१५०. एवढं जुळणं हा थोडा योगायोगही आहे. दोन्ही इंपेलरचे पीच सारखे नसणार, टॉर्कही सपाट नसतो. पण दिशा स्पष्ट आहे. तुझं इंजिन निरोगी आहे आणि त्याला जेवढं ओझं दिलंय तेवढं ते प्रामाणिकपणे उचलतंय.

पिनाक, ते चालक चुकत नाहीत. त्यांच्याकडे ते ४४ टक्के आहेत. १५५ लावतात ते बहुतेक ८०० सीसीच्या पुढची, कधी हजाराच्या आसपासची इंजिनं बाळगतात. या मशीनच्या आधीच्या मालकाकडेही मोठं इंजिन होतं. त्याची जोडी बरोबर होती. ती जोडी फोडून अर्धी विकली गेली, तिथे गडबड झाली.


दर्यासारंग | ५ जून, रात्री १०.०५

अनघाताई, तुमचं उत्तर तीनदा वाचलं. पाचवा घात हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

मग पुढचा प्रश्न. माझ्या हातात १५५ चा इंपेलर आहे, चांगल्या स्टेनलेस स्टीलचा. तो लेथवर चढवून बाहेरची कड ११ मिलिमीटर उतरवली तर तो १४४ चा होईल ना?


लेथवाला_कुर्ला | ६ जून, सकाळी ६.५५

बाळा, तसं करू नकोस. चाळीस वर्षं लेथवर उभा आहे, पंपांची कामं पुष्कळ केली आहेत.

कड उतरवलीस की वेअर रिंगशी साडेपाच मिलिमीटरची फट पडेल. वर किनाऱ्यावरचे दादा ०.६ म्हणजे जास्त म्हणतायत. तू त्याच्या नऊपट फट करायला निघालास. इंजिन मोकळं होऊन भरपूर फिरेल, तुला वाटेल जमलं, आणि मशीन जागेवरून हलणार नाही.

मी स्लीव्हचा विचार केला. १५५ च्या घरात आतून साडेपाच मिलिमीटर जाडीची रिंग बसवायची, म्हणजे आतला व्यास १४४. रिंग करायला मला अर्धा दिवस पुरेल. पण रात्री झोपताना लक्षात आलं, पुढे स्टेटरचं काय? इंपेलरमागे जी स्थिर पाती असतात ती १५५ च्याच मापाची. १४४ मधून बाहेर पडलेलं पाणी एकदम मोठ्या जागेत जाऊन तिथे भोवरे करणार. शिवाय इंपेलरच्या मधल्या बोंडाचं माप मोठ्या पंपाप्रमाणे मोठं, म्हणजे पाती नुसतीच आखूड होणार. तेव्हा स्लीव्हही नको. पंप ही एक अख्खी वस्तू आहे. इंपेलर, रिंग, स्टेटर, आणि पाणी बाहेर पडतं ते तोंड, म्हणजे नॉझल. त्यातला एकच तुकडा बदलून माप बदलत नाही.


किनारा_नागाव | ६ जून, सकाळी ८.३०

काकांशी सहमत. १५५ ठेवूनच ओझं कमी करायचं असेल तर दोन रस्ते आहेत, दोन्ही मी केले आहेत.

पहिला, पीच कमी करणं. इंपेलरवर दोन आकडे असतात, पात्याच्या पुढच्या कडेचा कोन आणि मागच्या कडेचा. मागची कड खास पान्याने वाकवून कोन एक-दोन अंशांनी कमी करता येतो. तीनही पाती अगदी सारखी वाकली पाहिजेत, नाहीतर शाफ्ट थरथरतो आणि बेअरिंग खातो.

दुसरा, पात्याची मागची कड थोडी कापणं. पातं आखूड होतं, पाण्यावरची पकड कमी होते, फेऱ्या वाढतात. पण कापलेलं परत चिकटत नाही. दोन-दोन मिलिमीटर कापत जायचं आणि दर वेळी पाण्यात मोजायचं.

नॉझल मोठं करून फेऱ्या वाढतील असंही कोणी सांगेल. फरक पडतो, पण ४४ टक्क्यांचं ओझं नॉझल उतरवत नाही. आणि भर पावसात तू मोजणार कुठे? सप्टेंबरपर्यंत जलक्रीडा बंद.


पिनाक_ठाणे | ६ जून, दुपारी १२.४०

अनघाताई, तुमचं गणित मान्य. पण मग पीच कमी केलेला १५५ हाच उत्तम पर्याय नाही का? शक्ती तेवढीच, पाणी जास्त. सुरुवातीचा धक्का तरी जास्त मिळेल.


अनघा_जहाज | ६ जून, रात्री ८.१५

चांगला प्रश्न आहे, आणि तुझं म्हणणं अर्धं बरोबर आहे.

समजा जेटमध्ये १५ किलोवॅट पोचतात, मशीन उभी आहे, तोटे बाजूला ठेवू. नॉझल ७० मिलिमीटरचं असेल तर पाणी सेकंदाला सुमारे १९.७ मीटरने बाहेर पडेल आणि ढकलण्याचं बल सुमारे १५२५ न्यूटन मिळेल. नॉझल ८० चं केलं आणि त्याला जुळणारा मोठा पंप लावला, तर पाण्याचा वेग १८ वर येतो पण बल १६६५ च्या पुढे जातं. त्याच शक्तीत नऊ टक्के जास्त ढकल. जास्त पाणी हळू ढकलणं हे थोडं पाणी जोरात ढकलण्यापेक्षा काटकसरीचं असतं. मोठी जहाजं मोठे, सावकाश फिरणारे पंखे लावतात ते याचसाठी.

पण दुसरी बाजू बघ. १९.७ मीटर म्हणजे ताशी ७१ किलोमीटर, १८ म्हणजे ताशी ६५. जेटच्या वेगाच्या जवळ मशीन जाऊ लागते तसं बल संपत जातं. म्हणजे वरचा वेग हातचा गेला. मोठा पंप भरलेल्या पाण्यासह जड असतो, तोही मागच्या टोकाला. आणि जो इंपेलर ज्या पीचसाठी घडवला आहे त्यापासून फार लांब नेला की त्याची कार्यक्षमता घसरते. ते नऊ टक्के तिथेच खर्च होतील.

जागेवरच उड्या मारायच्या असतील तर मी तुझ्या बाजूने मत दिलं असतं. दर्यासारंग, तुला मशीन कशासाठी हवी आहे?


दर्यासारंग | ६ जून, रात्री ९.००

ताई, मला लाटांवरून लांब पल्ला मारायचा असतो आणि वळणं घ्यायची असतात. उड्यांचा शौक नाही.


किनारा_नागाव | ७ जून, सकाळी ७.१५

तुझं मत ठरण्याआधी एक काम कर. हेड उघड आणि पिस्टनचा माथा बघ. ओझ्याखाली पूर्ण थ्रॉटलवर फेऱ्या अडकून राहिल्या की टू-स्ट्रोक आत ठोकायला लागतं. मिश्रण नको तेव्हा पेटतं. बाहेर जेटच्या आवाजात ते ऐकूच येत नाही. माथ्याच्या कडेला वाळूच्या दाण्याएवढे खड्डे दिसले तर समज. आपल्या साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून पावसाळ्यात टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करूनच ठेव.


दर्यासारंग | ८ जून, रात्री ११.२०

हेड उघडलं. मागच्या सिलिंडरच्या पिस्टनवर, एक्झॉस्टच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढ्या जागेत खड्डे आहेत. पुढचा स्वच्छ आहे. सिलिंडरवर ओरखडा नाही.

चार महिने शोधून आणलेलं इंजिन मी दोन रविवारांत मारायला निघालो होतो. किनाऱ्यावर 'दाब अजून, सुटेल' असं सगळे ओरडत होते आणि मी दाबत होतो. दादा, तुम्ही उघडायला लावलंत म्हणून वाचलं.

ठरलं. १५५ काढतो. १४४ शोधतो.


नाखवा_मढ | ८ जून, रात्री ११.४५

वाचलं ना, मग झालं. इंजिन आवाजाने सांगत असतं. जड आवाज आला की हात मागे घ्यायचा, आजूबाजूचा कितीही ओरडू दे.


दर्यासारंग | २१ जून, संध्याकाळी ६.३०

पंप मिळाला! यामाहाच्याच एका बसून चालवायच्या जुन्या मशीनचा, १४४ चा. इंजिन गेलेली मशीन होती, पंप काढून ठेवला होता. काकांनी सांगितल्याप्रमाणे अख्खा घेतला, रिंग, इंपेलर, स्टेटर, नॉझलसकट. व्हर्नियरने वेअर रिंगचा आतला व्यास मोजला, १४४.६. इंपेलर १४३.९. म्हणजे फट ०.३५ प्रत्येक बाजूला.

घेण्याआधी तिथेच शाफ्टचे दाते इंपेलरमध्ये घालून बघितले, बसले. इंपेलर कुठल्या दिशेने फिरायचा तेही पात्यांवरून तपासलं.

आता अडचण. आधीच्या मालकाने बोगदा १५५ साठी मोठा केलाय. १४४ चा पंप लावला तर तोंडाशी चारही बाजूंनी साडेपाच मिलिमीटरची पायरी राहते. काका, अडॅप्टर रिंग करून मिळेल का? १५५ वरून १४४ वर उतरणारी, ४० मिलिमीटर लांब?


लेथवाला_कुर्ला | २२ जून, सकाळी ६.४०

करून देईन, पण आधी विचार कर. ४० ची रिंग मध्ये आली की पंप ४० ने मागे जाणार. शाफ्टचे दाते इंपेलरमध्ये तेवढे कमी शिरणार. दात्यांची पकड ४० ने कमी म्हणजे पहिल्याच मोठ्या लाटेवर ते सोलून निघणार. नवा लांब शाफ्ट करावा लागेल, त्याचं स्टील, त्याचं ताव देणं, पुन्हा त्याचं सरळपण. खर्च पंपापेक्षा जास्त.

पंप मूळ जागीच ठेव आणि बोगदाच परत भर. तुझा प्रश्न लेथचा नाही, फायबरचा आहे.


नाखवा_मढ | २२ जून, सकाळी १०.०५

फायबरचं काम करणारा माणूस मी देतो. आमच्या होड्या शाकारलेल्या आहेत, मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद, त्यालाही हाताला काम हवंच आहे. ट्रॉलरच्या फायबरला त्याने आयुष्य दिलंय. मशीन मढला घेऊन ये. वर्सोव्याहून फेरीत घालता येणार नाही, टेम्पोने मालाडवरून ये.


किनारा_नागाव | २२ जून, सकाळी १०.३०

नाखवा, त्यांना एवढं सांगा की होडीचं पॉलिएस्टर रेझिन इथे वापरू नका. या यामाहाचा हल साच्यात दाबून केलेल्या वेगळ्या पदार्थाचा असतो, त्यावर पॉलिएस्टर नीट धरत नाही, पापुद्र्यासारखं सुटतं. इपॉक्सीच हवं. आणि आधी ८० नंबरच्या कागदाने घासून चकाकी पूर्ण घालवायची. बोगद्यातला तुकडा सुटला तर तो थेट इंपेलरमध्ये जातो.


अनघा_जहाज | २२ जून, रात्री ९.२०

पायरी ठेवू नका, उतार करा. साडेपाच मिलिमीटरचा उतार निदान ६० मिलिमीटर लांबीत पसरवा, म्हणजे कोन पाच अंशांच्या आसपास येतो. पाणी अरुंद होत जाणाऱ्या वाटेने सुखाने जातं. एकदम आलेली कड मात्र त्याला पात्याच्या तोंडाशीच फाडते. तिथे दाब घसरला की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे येतात आणि ते पात्यावर फुटतात. त्या इंपेलरच्या पुढच्या कडेचे टवके मला वाळूचे वाटत होते, पण बोगदा हाताने घासलेला होता म्हटल्यावर हेही कारण असू शकतं.

आणि पंप व हल यांच्या सांध्यात सीलंट भरपूर. या बुडबुड्यांना कॅव्हिटेशन म्हणतात, पण बऱ्याच वेळा लोक ज्याला कॅव्हिटेशन म्हणतात ती नुसती फटीतून ओढली गेलेली हवा असते.


दर्यासारंग | १९ जुलै, रात्री १०.५०

काम झालं. फार मन लावून केलं त्यांनी.

पावसाळ्यात इपॉक्सी ओलाव्याने पांढरं पडतं, चिकट राहतं, ही भीती होती. त्यांनी मशीन बंद खोलीत उलटी ठेवली, दोन मोठे दिवे लावून आदल्या रात्रीपासून हल गरम आणि कोरडा केला. मग काचेच्या कापडाचे थर, एकावर एक, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा आखूड, म्हणजे उतार आपोआप तयार होत गेला. शेवटी १४४ ची लाकडी चकती करून आतून फिरवून पाहिली. दुसऱ्या दिवशी थर धुऊन, पुन्हा घासून, शेवटचा हात. आता बोट फिरवलं तर हलपासून पंपापर्यंत कुठे अडत नाही.

बोल्टची भोकंही जुन्या जागी परत पाडली. शाफ्टची रेघ काकांनी स्वतः येऊन बघितली. कुर्ल्याहून मढला, त्या पावसात. इंजिनखाली अर्ध्या मिलिमीटरच्या दोन पट्ट्या सरकवल्या तेव्हा कपलर सरळ आला. नवा पिस्टन घातला, पिस्टनची नवी रिंग.

सगळ्यांना जेवायला घालायचं आहे. नारळी पौर्णिमेनंतर मढलाच ठरवू.


पिनाक_ठाणे | २० जुलै, सकाळी ११.३०

फोटो पाहिले. सुंदर काम. मी सुरुवातीला इंजिनाला दोष देत होतो, ते मागे घेतो. तो १५५ चा पंप विकणार असशील तर मला आधी सांग. माझ्या ओळखीत एकाकडे मोठं इंजिन लहान पंपावर आहे. त्याचं उलटं दुखणं आहे, फेऱ्या सुसाट वाढतात आणि मशीन पुढे जात नाही.


दर्यासारंग | २० जुलै, दुपारी १२.१५

तुझ्यासाठी ठेवला. पण त्याच्या फेऱ्या आधी मोजायला सांग, टॅकोचं सेटिंग तपासून. आणि त्याची फट मोज. नुसती वेअर रिंग झिजली असेल तरी असंच वाटतं, मग उगाच पंप बदलाल.


दर्यासारंग | ७ सप्टेंबर, रात्री ९.१०

आज नागावला उतरवली. भांगाचा (भरती-ओहोटी कमी असण्याचा) दिवस होता, पाणी शांत. नवा पिस्टन म्हणून पहिला तास अर्ध्या थ्रॉटलवरच काढला. मग थोड्या थोड्या वेळासाठी पूर्ण दिला.

६१००. दोनदा ६१५०. पाण्यावर यायला आधी मी मनात अकरा मोजायचो, आज पाच मोजेपर्यंत वर होतो. आवाज पूर्ण वेगळा आहे, मोकळा, एकसुरी. वळणावर मागचा भाग आता मी नेईन तिथे येतो, आधी तो मला ओढायचा. प्लग काढून पाहिले, दोन्ही चहाच्या रंगाचे. घरी येऊन गोड्या पाण्याने दहा मिनिटं धुतली.

एकदाच थांबावं लागलं. मशीन अचानक मंदावली, जुनी भीती परत आली. इंजिन बंद करून उलटी केली तर जाळीत दुधाची पिशवी अडकली होती. काढली आणि पुढे गेलो.


नाखवा_मढ | ७ सप्टेंबर, रात्री ९.४०

फार बरं वाटलं वाचून. परवाना काढून इकडे आलास कधी, तर खाडीच्या तोंडाशी डोलींचे (एका जागी बांधलेल्या जाळ्यांचे) खुंट लावलेले असतात, भरतीत पाण्याखाली जातात. तिथे जोरात जाऊ नकोस. आधी माझ्याबरोबर होडीतून ये, जागा दाखवतो.


लेथवाला_कुर्ला | ८ सप्टेंबर, सकाळी ६.३०

छान. पहिल्या फेरीनंतर पंपाचे चारही बोल्ट पुन्हा आवळायचे, हे सांगायचं राहिलं होतं. नव्या इपॉक्सीवर सांधा बसतो आणि ताण कमी होतो. आणि फट परत मोज. आपल्याकडचं पाणी गाळाचं आहे, रिंग लवकर खातं.


दर्यासारंग | ८ सप्टेंबर, सकाळी ८.०५

काका, आत्ताच केलं. फट तेवढीच, ०.३५. तीन बोल्ट घट्ट होते, डावीकडचा खालचा पाव फेरी ढिला निघाला. आवळला, आणि त्यावर रंगाची रेघ मारून ठेवली.